बटणांवरचे थेंब

एकदा एका तालुक्याच्या गावी एक लॅपटॉप धापा टाकत दुरुस्तीला आला. लॅपटॉप म्हातारा, त्याचा धनी त्याहून म्हातारा, आणि ज्या दुकानाच्या पायऱ्या चढून दोघे आले त्या दुकानाच्या मालकांनीही साठी कधीच ओलांडलेली. या गोष्टीत तरुण अशी एकच व्यक्ती आहे आणि चूक तिच्याच हातून घडली. मात्र ती तरुण होती म्हणून चुकली नाही, हुशार होती म्हणून चुकली. हा भेद वाचकांनी आधीच लक्षात घेतलेला बरा.

दुकानाचे मालक भाऊ धोपेश्वरकर. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि गेली वीस वर्षे संगणक, असा त्यांच्या हाताचा प्रवास झाला होता. 'हा आता टाकून द्या' असे इतरांनी सांगितलेली यंत्रे भाऊंकडे येत आणि बहुधा चालू होऊन परत जात. त्यांच्या हाताखाली वृषाली ही इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली मुलगी दोन वर्षांपासून काम शिकत होती. हात हलका, नजर तीक्ष्ण, आणि स्वच्छतेचे तर वेडच. कुठे धूळ दिसली की तिचा जीव कासावीस होई. भाऊ कधीकधी म्हणत, "अगं, यंत्र आहे ते, जेवायचं ताट नव्हे." त्यावर ती हसे आणि आणखी जोर लावून घासे.

लॅपटॉपचे धनी होते गुरवअण्णा. तहसील कचेरीच्या आवारात चिंचेखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, हा त्यांचा चाळीस वर्षांचा व्यवसाय. पूर्वी ते हाताने लिहीत. पुढे लोकांना छापील अर्जाचाच भरवसा वाटू लागला, तेव्हा अण्णांनी हा लॅपटॉप घेतला आणि साठीच्या उंबरठ्यावर चार बोटांनी टाइप करायला शिकले. रेशनकार्डातले नाव, वारसाची नोंद, उत्पन्नाचा दाखला, बांधावरचा तंटा. लोकांना कचेरीला जे सांगायचे असे ते अण्णांच्या बोटांमधून कागदावर उतरे. शेजारी आणखी दोन टेबले होती, पण अण्णांच्या टेबलापुढची रांग कधी मोडली नव्हती.

"ताई, पंखा नुसता बोंबलतो. पाच मिनिटांत तापतो आणि ऐन अर्जाच्या मध्यात बंद पडतो," अण्णांनी सांगितले. "गुरुवारपर्यंत द्या म्हणजे झालं. लोकं खोळंबलीत."

भाऊ सुटे भाग आणायला दोन दिवस बाहेरगावी गेले होते. वृषालीने एकटीने काम अंगावर घेतले आणि खरे सांगायचे तर नामी केले. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या त्याच्या जागी टोचून ठेवला. पंख्याच्या जाळीत धुळीचे जाड घोंगडे साचले होते, ते काढले. प्रोसेसरवरची वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसून नवी लावली. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅम वाढवली, मदरबोर्डवरची चपटी बॅटरी बदलली, बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावली आणि कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तेही सांगून ठेवले. सहा मिनिटांनी जागा होणारा लॅपटॉप अठरा सेकंदांत उठू लागला. तिने तीनदा मोजून पाहिले.

मग तिचे लक्ष कीबोर्डकडे गेले. नऊ बटणांवर वाळलेले, पिवळसर, टणक थेंब होते. अण्णांच्या टेबलावर अर्जाला तिकीट चिकटवायची डिंकाची बाटली कायम असते, हे साऱ्या गावाला माहीत. वृषालीने कपाळाला आठी घातली, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने ते थेंब एकेक करून खरवडले, वर स्पिरिटचा बोळा फिरवला. कीबोर्ड लख्ख झाला. अण्णा ओळखणारच नाहीत आपला लॅपटॉप, असे तिच्या मनात आले, आणि ते मात्र अगदी खरे ठरले.

गुरुवारी अण्णा आले तेव्हा भाऊ परतले होते. वृषालीने लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि काय काय केले ते सांगू लागली. अण्णा ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांची बोटे बटणांवरून फिरत होती. एकदा फिरली, पुन्हा फिरली, आणि थांबली. चेहऱ्यावरचे हसू तसेच राहिले, पण त्यातला जीव गेला.

"बटणं नवी घातलीत का, ताई?"

"नाही अण्णा, तुमचीच. घासूनपुसून साफ केलीत."

"बरं. छान केलंत." अण्णांनी लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि कठड्याला धरून सावकाश पायऱ्या उतरले.

अठरा सेकंदांचे कौतुक राहूनच गेले म्हणून वृषाली हिरमुसली. भाऊ मात्र दाराकडे बघत होते.

"चार दिवस ज्याची वाट पाहिली तो लॅपटॉप माणूस सुरू करून न बघता घेऊन जातो," ते म्हणाले. "बटणांवर काय होतं गं?"

"डिंक सांडला होता. नऊ बटणांवर."

"सांडला होता? म्हणजे दोन बटणांच्या फटीत गेलेला, ओघळलेला?"

वृषालीने आठवून पाहिले. "नाही. थेंब होते. एका बटणावर एक." मग तिचा आवाज खाली आला. "बरोब्बर मधोमध."

"सांडलेला डिंक बरोब्बर मधोमध पडतो का, वृषाली?"

भाऊंनी चष्मा काढून काउंटरवर ठेवला. "अण्णा पायरी उतरताना आधी पावलाने चाचपतात. बोलताना मान वळवत नाहीत, सरळ समोर बघतात. त्यांची नजर गेली आहे, निदान खालची तरी. स्क्रीन दिसत असेल, बटणं दिसत नाहीत. ते थेंब त्यांनीच लावले होते, बोटांना वाट सापडावी म्हणून. आणि कुणाला सांगितलेलं नाही. आवारात कळलं की अण्णांना दिसत नाही, तर उद्यापासून त्यांच्यापुढे कागद कोण ठेवील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वृषाली तहसीलच्या आवारात गेली आणि पानाच्या टपरीआड उभी राहून पाहू लागली. चिंचेखाली अण्णा बसले होते. लॅपटॉप समोर होता, पण मिटलेला. डोईवर पदर घेतलेली एक बाई कागद घेऊन आली.

"अण्णा, सासऱ्याच्या जागी नाव लावायचंय. तेवढा अर्ज करा की."

"मशिन अजून नीट झालं नाही, मावशी. पलीकडच्या टेबलावर जा."

"तिकडं काय, तो निम्मंच ऐकतो. मी थांबते."

"थांबू नका," अण्णा म्हणाले. "किती दिवस लागतील सांगता येत नाही." बाई नाराजीने पलीकडे गेली. तिच्यामागची दोन माणसेही आपसूक तिकडे वळली.

वृषाली दुकानात परतली ती रडवेली होऊन. आपण मन लावून काम केले आणि एका माणसाची भाकरी काढून घेतली, हे तिला सहन होईना. "मी जाऊन पाय धरते त्यांचे. सांगते, चुकले, मला कळलं नाही."

"कुठे सांगशील? तिथे, सगळ्यांसमोर?" भाऊंनी विचारले. "आणि काय सांगशील? तुमच्या खुणा पुसल्या? खुणा कशाच्या, म्हणून दहा जण विचारतील. बस जरा."

दुपारी भाऊ स्वतः निघाले आणि तिला बरोबर घेतले. आवारात गर्दी होती. अण्णांच्या टेबलापाशी जाऊन भाऊ असे काही बोलले, की वृषालीला जागच्या जागी गोठल्यासारखे झाले. आवाजही मुद्दाम चढवलेला, पार कचेरीच्या व्हरांड्यापर्यंत जाईल असा.

"अण्णा, माफी मागायला आलोय. काम चुकलं आमच्याकडून. पंखा उलटा बसला. त्या मशिनवर तुम्हाला काम करताच येणार नाही."

पलीकडच्या टेबलावरचे डोके वर आले. रांगेतले कुणी हसले. "भाऊ, तुमच्याकडून बी चुकतं व्हय?"

"चुकलं खरं," भाऊ म्हणाले. "वय झालं. अण्णा, तुम्ही मात्र मशिन घेऊन सोबत चला. तुमच्या हाताखाली ते कसं तापतं, हे बघितल्याशिवाय मला नीट करता येणार नाही."

अण्णा क्षणभर भाऊंच्या आवाजाच्या दिशेने पाहत राहिले. मग उठले.

वाटेत वृषालीच्या मनात नुसता संताप होता. पंखा उलटा बसूच शकत नाही, स्क्रूची भोकेच जुळत नाहीत, हे शेंबड्या पोराला कळेल. ज्या दुकानाला चाळीस वर्षांत कुणी नावे ठेवली नाहीत, त्याची लाज भाऊंनी आज स्वतःच्या तोंडाने भर चौकात काढली. आणि चूक तिने केली होती, पंख्याने नव्हे. अण्णा दोन पावले मागे होते, म्हणून तिला गप्प बसावे लागले.

दुकानात भाऊंनी अण्णांना खुर्ची दिली. वृषालीला त्यांच्या डाव्या हाताला बसवले, तिच्यासमोर कीबोर्डची आकृती काढलेला कागद ठेवला आणि हळूच सांगितले, "बोटांकडे बघ. तोंडाकडे नको." मग मोठ्याने म्हणाले, "अण्णा, नेहमीसारखा एखादा अर्ज टाइप करा. तेवढ्यात मशिन किती तापतं ते ही बघेल." आणि दोघांकडे पाठ करून एक जुना रेडिओ उघडून बसले.

अण्णा टाइप करू लागले. स्क्रीनवर अक्षरे बोराएवढी मोठी केलेली होती आणि ती ते वाचत होते. मात्रा चुकली तरी त्यांना कळत होती. बोटांचेच हाल होते. एखादे बोट बटणावर जाई, त्यावर गोल फिरून काहीतरी शोधे, न सापडून शेजारच्या बटणावर सरके, चुकीचे अक्षर उमटे, ते पुसायचे, पुन्हा शोधायचे. 'माननीय तहसीलदार साहेब' एवढे लिहायला चार मिनिटे गेली. अण्णांच्या कपाळावर घाम आला. वृषालीला त्या बोटांकडे पाहवेना, तरी ती पाहत राहिली, कारण तेवढेच तिच्या हातात उरले होते. जिथे बोट शोधत होते तिथे ती कागदावर फुली मारत होती.

अर्ध्या तासाने भाऊ म्हणाले, "झालं. अण्णा, शेजारी जाऊन चहा घ्या. तेवढ्यात पंखा बसवतो."

अण्णा गेल्यावर भाऊंनी दिवा तिरका धरला आणि वृषालीच्या हाती भिंग दिले. तिने जिथे कार्ड घासले होते तिथे बटणांवर बारीक ओरखडे उरले होते. ओरखड्यांची बटणे नऊ भरली. तिच्या कागदावर फुल्या दहा होत्या.

"एंटरच्या बटणावर ओरखडा नाही," ती म्हणाली. "तिथे थेंब नव्हता. पण भाऊ, तिथेही त्यांचं बोट अडतं. प्रत्येक परिच्छेदाला अडलं, मी मोजलंय. तिथेही एक लावते. त्यांना सोपं जाईल."

"नको."

"अहो, पण मी बघितलंय!"

"डिंकही तू बघितलाच होतास," भाऊ शांतपणे म्हणाले. "जेवढं पुसलंस तेवढंच परत ठेव."

हे तिला झोंबले. पण तिने समोरच्या दुकानातून बिनरंगी नेलपॉलिशची बाटली आणली आणि नऊ बटणांच्या मधोमध एकेक थेंब ठेवला. तो वाळल्यावर त्यावर दुसरा, मग तिसरा. एंटर मोकळे राहिले.

अण्णा परतले. भाऊंनी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. अण्णांची बोटे बटणांवर उतरली, एका थेंबावर टेकली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नऊही झाले. 

"पंखा बसला का नीट?" अण्णांनी अखेर विचारले.

"बसला," भाऊ म्हणाले. "बघा चालवून."

"चालवायला कशाला पाहिजे? नीटच बसलाय." त्यांनी लॅपटॉप पिशवीत घातला. दाराशी थांबून मान न वळवता म्हणाले, "ताई, येतो बरं का."

ते दिसेनासे झाल्यावर वृषालीचा राग आणि रडू एकदमच बाहेर पडले. "चूक माझी होती ना, भाऊ? मग तुम्ही भर गर्दीत दुकानाचं नाव का घालवलंत? तेही खोटं बोलून?"

भाऊ रेडिओचे झाकण लावत होते. हातातले काम पुरे करून मगच ते बोलले.

"अण्णा मिटलेल्या मशिनसमोर बसले होते. का बसलेत, हा प्रश्न आवार दोन दिवसांत विचारणारच होतं. काहीतरी बिघडलंय हे झाकता येण्यासारखं नव्हतं. अण्णांचं बिघडलंय की आपलं, एवढंच ठरवणं आपल्या हाती होतं. आपल्या दुकानाच्या नावाला एक ओरखडा पडला तर तो चार चांगल्या कामांनी भरून निघेल. त्यांच्या नावाला तो पडला असता तर भरायला त्यांच्याकडे वेळ नाही. आता तुझ्या चुकीचं. तुझा हात चुकला नाही, वृषाली. जुनी वस्तू आपल्यापुढे येते तेव्हा तिच्यावर बिघाडही असतो आणि वापरही असतो. पाहिलं तर दोन्ही सारखेच मळकट दिसतात. त्यातला बिघाड ओळखायला आपण शिकलेलो असतो. वापर मात्र धन्याला विचारावा लागतो, तो कुठल्याही पदविकेत शिकवत नाहीत."

"आणि विचारता येण्यासारखं नसेल तर?"

"तर हात मागे ठेवायचा आणि वाट बघायची. कधी ना कधी तो आपणहून सांगतो. नाही सांगितलं तर तोही त्याचा अधिकार."

वृषालीला हे अर्धेच पटले. एंटरच्या बटणाची रुखरुख तिच्या मनातून जाईना. आपण नेमके पाहिले होते, भाऊंनी उगाच अडवले, असे तिला वाटत राहिले. आवारातून जाताना ती दुरून नजर टाकी. अण्णांच्या टेबलापुढे रांग पुन्हा लागली होती, ती पदर घेतलेली मावशीही त्यात एकदा दिसली. तेवढ्यावर ती समाधान मानून पुढे जाई.

महिनाभराने एका दुपारी भाऊ घरी जेवायला गेले असताना अण्णा दुकानात आले. कुणी गिऱ्हाईक आहे का, हे त्यांनी दारातूनच विचारून घेतले. मग लॅपटॉप काउंटरवर ठेवला.

"ताई, एक काम होतं. काचबिंदू आहे मला, दोन्ही डोळ्यांना. समोरचं दिसतं, खालचं नाही दिसत." हवापाण्याचे बोलावे तसे ते बोलले, पण काउंटरची कड त्यांनी घट्ट धरली होती. "घरी बायकोला माहीत आहे, आणि आता तुम्हाला. हा वरचा बाण आहे ना, चिमुकला, तो हल्ली सापडत नाही. तुमचे थेंब माझ्यापेक्षा चांगले बसलेत. तेवढा एक लावून द्याल?"

वरचा बाण! त्या अर्ध्या तासात अण्णांनी तो एकदाही वापरला नव्हता, आणि वृषालीच्या कागदावर त्याच्यापुढे फुली नव्हती. तिने बाटली काढली, झाकण उघडले, आणि तिचा हात बटणाच्या मध्यावर जाऊन थांबला.

"कुठे लावू, अण्णा? मधोमध?"

"नको नको. वरच्या कडेला. मधोमध लावला तर खालच्या बाणाशी गल्लत होईल."

तिने वरच्या कडेला थेंब ठेवला. तो वाळेपर्यंत दोघे बसून राहिले. शेवटी तिने धीर करून विचारलेच, "आणि एंटरवर? तिथे तुमचं बोट फार अडतं. त्या दिवशी मी बघितलं होतं."

अण्णा मोठ्याने हसले. "एंटर तर मला झोपेतही सापडेल, ताई! तिथे मी मुद्दाम थांबतो. चाळीस वर्षांची सवय आहे, समोर कुणी नसलं तरी जात नाही. ओळ संपली की माणसाला वाटतं, झालं सांगून. पण आपण जरा थांबलो ना, की मग तो खरं काय ते सांगतो. निम्मे अर्ज तिथेच बदलतात."

वृषालीने बाटलीचे झाकण घट्ट लावले.

"तिथे काही लावू नका," अण्णा म्हणाले.

"नाही लावत," ती म्हणाली, आणि थेंब पुरता वाळला आहे का, हे बघायला तिने अण्णांचे बोट धरून हलकेच त्यावर टेकवले.